नूतनीकरण प्रलंबित

एकतीस मार्चला रात्री बारा वाजता
माझा परवाना संपला.
काही वाजलं नाही.
नऱ्ह्याच्या रस्त्यावरून सिमेंटचा मिक्सर तसाच फिरत गेला,
संगणकावर ‘पाठवा’चं हिरवं बटण
तसंच हिरवं.
दाबलं असतं तर पैसे गेले असते.
कुणाला कळलं नसतं,
निदान पुढच्या तपासणीपर्यंत.

अर्ज जानेवारीतच भरला होता, हे सांगायला हवं.
तीन प्रती, भाडेकरार, पोलिसांचा दाखला,
जागेचा नकाशा: दहा बाय बारा, एक दार, खिडकी नाही.
शिवाजीनगरला दुसऱ्या मजल्यावर
कुमठेकर बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
म्हणाल्या, लाइट बिलावर ‘बीडकर’, बी दुसरी.
अर्जावर पहिली.
आधी वेलांटी एक करून आणा.

वेलांटीला नऊ आठवडे लागले.

सात तारखेला पगार झाले.
मी शटर अर्धं ओढून आत बसलेला,
बाहेर नुसत्या पोटऱ्या आणि चपला.
मग वाकून आला पद्मलोचन,
केंद्रपाड्याचा, प्लंबर,
बोटांना पाइपाचं सोल्युशन वाळलेलं.
चार हजार, पाचशेच्या आठ नोटा,
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत.
परवाना संपलाय, मी म्हणालो.
तो भिंतीकडे न बघताच हसला:
कागद मी नाय बघत, शेठ.
मी तुमचं तोंड बघतो.

हेच वाक्य.
सतराव्या वर्षी मी ते रोज ऐकायचो
भवानी पेठेत, शेडगेमामाच्या पेढीवर.
मामाकडे परवाना नव्हता, तोंड होतं.
फार चांगलं तोंड.
हमाल पैसे द्यायचे आणि वर नमस्कार करायचे.
मी पावत्या फाडायचो.
एका मंगळवारी दाराला कुलूप,
मामा कुठे ते आजतागायत माहीत नाही,
माझ्या हातात पावतीपुस्तक
आणि त्यातलं सगळं अक्षर माझं.
सात दिवस हमाल फळीवर बसून होते.
मला कुणी हात लावला नाही.
एकानं फक्त पावती पुढे धरून विचारलं,
पोरा, हे तुझंच ना?

पद्मलोचनला नाही म्हणालो.
नोटा मोजून परत दिल्या, आठच्या आठ.
तो रस्ता ओलांडून
मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याकडे गेला.
तिथे बोर्ड नाही, पावती नाही,
शेकडा तीन, आणि लगेच.
मी शटरखालून बघत राहिलो.
हेही सांगायला हवं.
ओरडता आलं असतं. रस्ता काही फार रुंद नाही.

बावीस तारखेला परवाना आला.
नाव: अनंत बीडकर, बी दुसरी.
आता बँकेत पहिली आहे. असो.
जुनी फ्रेम मोठी होती,
नव्या कागदाभोवती भिंतीचा मूळ रंग
चार बोटं उघडा पडला.
कव्हरवाल्याचं दुकान तोवर
मोमोवाल्यानं भाड्यानं घेतलं होतं.

मेमध्ये पद्मलोचन आला.
शटर पूर्ण वर, तरी सवयीनं वाकून.
तेव्हाचे पोचले का, मी विचारलं नाही.
त्यानं पिशवी उलटी केली:
सोळा नोटा.
मी फॉर्म उघडला.
घेणाऱ्याशी नातं?
आई.
पाठवण्याचं कारण?
तो गप्प.
दर महिन्याला ‘घरखर्च’ म्हणायचा, न विचारता.
मग म्हणाला, लिवा, उशीर झाला.

फॉर्मवर चार कारणं आहेत.
शिक्षण, औषधपाणी, घरखर्च, इतर.
‘इतर’ निवडलं की खुलासा जोडावा लागतो.
मी घरखर्चावर टिचकी मारली.

पावती छापून बाहेर आली,
त्यानं ती ट्यूबच्या उजेडाकडे धरली,
मागूनपुढून.
छापील पावतीला सही लागत नाही,
तसं खाली स्पष्ट लिहिलेलंच असतं.
मी ती त्याच्याकडून परत घेतली,
पेन शोधलं,
आणि खाली सही केली,
पूर्ण नावानं,
सावकाश.